दोन बोटं माया

मंडईमागच्या जिन्याखाली माझं मशीन.
फॉल, पिको, ब्लाउज, अस्तर,
अर्जंट असेल तर वीस रुपये जास्त.
सव्वीस वर्षांत या सुईखालून किती शालू गेले
मोजले नाहीत. पण हाताला ठाऊक असतं
जर कुठली खरी, कुठली दिवाळीपर्यंत काळी पडणार,
आणि कुठल्या पदराचे हप्ते
गाठ बसल्यावरही चालूच राहणार.

पोरींना सांगायचे,
साडी आधी उलटी करून बघ गं.
मागचे धागे सांगतात, विणकर घाईत होता की नाही.
हॉलचंही तेच. झुंबर नको बघूस,
मागं जा, भांडी घासतात तिथं,
नळाला पाणी आहे का, म्हाताऱ्यांना जिना किती,
गाड्या लावायला जागा नसेल
तर निम्मे पाहुणे कर्वे रोडवरच अक्षता टाकतील.
त्या हसायच्या. एखादी ऐकायचीही.

मग जुईलीचं ठरलं.

लक्ष्मी रोडला त्या माणसानं पांढऱ्या गादीवर
एकावर एक उलगडत नेल्या,
चहा मागवला, मला मावशी म्हणाला,
आणि मी, जगाला शहाणपण शिवून देणारी,
एका आमसुली शालूवर अशी अडकले
की उलटा करायचंच विसरले.
अडतीस हजार.
मनात भिशी मोडली, मनात पाटल्या मोडल्या,
नणंदेचं तोंड बघितलं, तेही मनातच,
आणि म्हटलं, घेऊन टाकू, एकदाच तर होतं.

जुईली चप्पल काढून गादीवर चढली.
ड्रेसवरूनच शालू गुंडाळला, मांडी घातली.
उठली. परत बसली.
हार घालतात तसे हात वर केले,
पाया पडतात तशी वाकली, तीनदा,
आणि घामेजून म्हणाली,
"आई, मी यात लग्न करू, की याला सांभाळू?"
तो माणूस मुकाट घड्या घालायला लागला.
त्यांनाही कळतं.

घेतली ती मोरपिशी. काठ बोटभर.
साडेसहा हजार. उलटूनही तशीच.
"बँकेत संक्रांतीला नेसेन," म्हणाली.
मी बिल होईपर्यंत रस्त्याकडे बघत राहिले.

रात्री शार्दूल आला. ब्लाउजच्या बेतायच्या कागदावर
दोघांनी यादी मांडली, माझ्याच खडूनं.
वर लिहिलं जेवण. बाकी सगळं त्याखाली.
घोडा खोडला. आकाशातून फोटो काढणारं ते यंत्र खोडलं.
तिच्या बाबांच्या फंडाला हात नाही,
हे खाली दोन रेघा ओढून.
शार्दूलच्या आईची वरात मात्र खोडवेना,
"आमच्यात असतेच हो" असं तीनदा फोनवर झालेलं.
मग ती आखूड केली,
गल्लीच्या तोंडापासून मांडवाच्या दारापर्यंत.
वाजंत्र्यांना एकच गाणं पुरेल.

सगळ्यात शेवटी जुईलीनं लिहिलं,
माया, तीस हजार.
शार्दूल दचकला. "ही माया कोण?"
मी हसले, दातातली टाचणी पडली.
अरे, शिवणीच्या आत सोडतात ते कापड.
दिसत नाही. पण उद्या उसवायची वेळ आली
तर तेवढंच असतं हाताशी.

तिच्या ब्लाउजला मी दोन बोटं सोडली.
रीत दीड बोटाची.

आणि परवा, बाकी कामं उरकताना,
पिशवीतून तोच आमसुली शालू निघाला.
कुणा दुसरीचा. कोथरूडची चिठ्ठी, अर्जंट.
दार लोटलं. उलटा केला. दिव्याखाली धरला.
विणकर घाईत नव्हता.
एक धागा सुटलेला नाही, कुठंच.

थोडा वेळ मांडीवर राहू दिला.
मग आमसुली दोरा शोधला
आणि सुईत ओवायला चष्मा लावला.