पुकारा

नळी काढली तेव्हा म्हणे मी काहीतरी बोललो.
काय, ते कोणालाच कळलं नाही.
त्याला अकरा दिवस झाले.
घशात कोणीतरी पॉलिश पेपर विसरून गेलंय
आणि न्यायला परत येत नाही.

छातीत नवी झडप. धातूची.
रात्री रामबागेतली कुत्री गप्प झाली
की ऐकू येते: टिक, टिक.
मालिनीने उशाशी असलेलं घड्याळ उचललं,
म्हणाली, एक पुरे.

चौतीस वर्षं इंदूरच्या जिल्हा कोर्टात
दाराबाहेर उभं राहून नावं पुकारली.
जिना उतरून, सायकल स्टँड ओलांडून
पोह्यांच्या गाडीपर्यंत पोचायचं नाव.
पक्षकार धावत यायचे,
ओठाला शेव चिकटलेली.
आता बायकोला आतल्या खोलीतून बोलवायचं
तर ताटावर चमचा वाजवतो.

घशाची बातमी मात्र न पुकारता पसरली.
वरच्या मजल्यावरचे चौरसियाजी ज्येष्ठमध घेऊन आले:
"चूसते रहिए साहब, गला खुल जाएगा."
तात्या बुळे आल्या-हळदीचा काढा घेऊन, डब्यातून, कढत:
"मी रोज पिऊन राहिलो ना, काही होत नाही हो."
पुतण्याने दाढदुखीच्या उरलेल्या गोळ्या दिल्या,
पाकीट फाटलेलं, नाव फाटलेल्या बाजूला.
कोणाच्या मनात वाईट नव्हतं.
मी सगळ्यांना हात जोडले
आणि सगळं पिशवीत घातलं.

कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये सबीहा असते.
तिच्या आजोबांचं नाव मी कितीदा पुकारलंय,
भिंतीचा दावा, नऊ वर्षं चालला.
पिशवी तिच्यापुढे उलटी केली.
ती कशालाच हात लावेना.
आधी हे सांगा काका,
रोजच्या कोणकोणत्या चालू आहेत?

कागद घरी राहिला होता.
मी काउंटरला टेकलो,
हात आपोआप तोंडाशी गेला.
रक्त पातळ करणारी, संध्याकाळी सहा, हाजिर.
दाबाची, अर्धी, हाजिर.
लघवीची, सकाळी, हाजिर.
साखरेची नाही.
आवाज मोडक्या छत्रीसारखा, मध्येच उलटा होणारा,
पण एकही नाव गळलं नाही.
मागचा रिक्षावाला गंभीर होऊन ऐकत होता.

तिने ज्येष्ठमध बाजूला सारला.
हा दाब वाढवेल, लघवीच्या गोळीशीही याचं जमत नाही.
काढा रक्ताच्या गोळीत ढवळाढवळ करतो.
फाटकं पाकीट तर चिमटीतच धरलं:
ही नाहीच. आतून रक्त सुटेल.
मग हॉस्पिटलला फोन.
सिस्टरशी बराच वेळ बोलली.
मी स्टुलावर. टिक, टिक.

कोमट पाणी, अर्धा चमचा मीठ, गुळण्या.
थुंकायचं, गिळायचं नाही.
प्यायचं पाणी डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच, पण घोटाघोटाने.
बोलणं कमी.
ताप आला, थुंकीत लाल दिसलं, गिळता येईना
तर माझ्याकडे नाही, सरळ तिकडे.
पैसे किती, विचारलं.
म्हणाली, मीठ घरी असेल ना?

पाचव्या दिवशी मोरीत गुळण्या करताना
घशातला कागद जरा झिजल्यासारखा वाटला.
गॅलरीतून चौरसियाजी ओरडले, "खुला गला?"
मी अंगठा दाखवला.
सगळं श्रेय ज्येष्ठमधाला.
राहू दिलं. म्हाताऱ्याला बरं वाटतं.

पण परवा खाली गल्लीत
तीच पुडी ते सुमतीबाई जप्यांच्या हातात देत होते.
सुमतीबाईंची मागच्याच महिन्यात अँजिओप्लास्टी झालेली.
हात तोंडाशी गेला.
घसा अजून दुखत होता, छातीचे टाके ओढले गेले,
आणि तरीही नाव निघालं,
जिना उतरून, स्कूटर ओलांडून,
"चौरसिया रामस्वरूप..."

पोहेवाल्यानेसुद्धा मान वर केली.
ते पुडी हातात घेऊन तसेच उभे,
आरोपीसारखे.


मालिनी आतून धावत आली,
ताट न वाजवता.