सुईत दोरा

प्रश्नावली आम्ही ऑफिसात केली,
चहा दोनदा झाला.
प्रश्न सतरावा: घरात नैसर्गिक उजेड कसा?
पुरेसा, मध्यम, अपुरा. एकावर खूण करा.

मानखुर्दची वसाहत, बिल्डिंग नंबर अकरा, तळमजला.
द्रौपदा सोनटक्के म्हणाली,
पुरेसा म्हणजे, ताई, कशाला पुरेसा?
माझं पेन तिथंच थांबलं.

तिचा थोरला, वय एकोणीस,
औषधाचा पाचवा महिना,
भूक परत आलेली, चिडचिडही.
एक्स-रे दाखवते म्हणाली, खिडकीकडे धरला.
खिडकीत समोरची भिंत,
पाइप गळून गळून शेवाळलेली.
फुप्फुसं दिसेचनात.
बल्ब लावला तेव्हा दिसली,
आणि उजवीकडे, वर, कापसाचा तो पुंजका.

उपाय मग तिनंच काढला.
दुपारी बारा वाजता, दिवे बंद करून,
सुईत दोरा ओवायचा.
ओवला तर हो, नाही तर नाही.
मध्यम ही भानगडच नको.

सात बायका, सात सुया, काळ्या दोऱ्याचं एक रीळ.
चष्मा असेल तर चष्म्यासकट, तीन वेळा संधी.
तळमजल्यावर चोवीस घरं: एकीलाही नाही.
तिसऱ्यावर दोघींना,
त्यातली एक टेलरबाई, तिनं बोटांच्या अंदाजानं ओवला,
रखमा वाघचौरेनं तो बाद केला,
भांडण झालं, बादच राहिला.
सातव्यावर एकोणीस.
दोन इमारतींमधलं अंतर मोजायला टेप नव्हती.
शकीलानं ओढणीचं टोक समोरच्या खिडकीत दिलं.
ओढणी उरली.

वॉर्ड ऑफिसातले साहेब भले होते. पाणी मागवलं.
तक्ता उलटसुलट पाहिला.
पद्धत गमतीची आहे, म्हणाले,
पण उजेड मोजायचं यंत्र नव्हतं का तुमच्याकडे?

द्रौपदानं पदराला टोचलेली सुई काढली,
टेबलावर ठेवली, शेजारी वीतभर दोरा.
साहेब हसले. कपाळावरचा चष्मा खाली घेतला,
दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं,
पहिल्याच खेपेला ओवला
आणि आमच्याकडे बघितलं,
फळ्यावरचं गणित सुटलेल्या पोरासारखं.

कुणी काही बोललं नाही.
पंख्याचा आवाज तेवढा.
मग त्यांनीच हळूच मान वर केली,
चार ट्यूबलाइट मोजल्यासारखं.

इतिवृत्तात एक ओळ आली:
अहवाल प्राप्त, पुढील कार्यवाहीस्तव.
भिंती आहेत तिथंच आहेत.
पोराची थुंकी पुन्हा तपासायचीय, पुढच्या मंगळवारी.
आमच्या नव्या प्रश्नावलीत सतराव्यापुढं
आता दोनच चौकटी.

द्रौपदा मात्र भेटली की विचारते,
साहेबांनी माझी सुई
दिली का हो परत?