तरंगण्यापुरतं

देव्हेंटरच्या पोहण्याच्या तलावात
मी फक्त तरंगायला शिकले.
हातपाय मारायचा धडा पुढच्या बुधवारी होता.
बुधवारी फाटकावर पाटी.
बाबांनी ती दोनदा वाचली,
चष्मा पुसून तिसऱ्यांदा,
आणि माझा कोरडाच टॉवेल
स्वतःच्या खांद्यावर टाकून घरी आणला.

मग बाग गेली. वाचनालयाचं कार्ड गेलं.
हेंड्रिका रस्ता ओलांडून पलीकडून जाऊ लागली,
मानेवर तिच्या आईचा हात.
सायकल जमा करायच्या आदल्या रात्री
बाबा साखळीला तेल देत बसले.
"आता कशाला?" आई म्हणाली.
"कुरकुरत गेली तर बरं दिसत नाही."

तारे चार सेंटला एक,
वर कापडाचं कूपन.
आईने माझ्या कोटावर तो इतक्या बारीक टाक्यांनी शिवला
की शेजारच्या बाई नजर चुकवता चुकवता
शिवणच बघत राहिल्या.

तोच तारा एका रात्री तिने ब्लेडने उसवला.
टाक्यांची भोकं राहिली.
ती नखाने घासत होती, घासत होती,
जणू कापडालाही विसरायला लावता येतं.
"उद्यापासून तू माख्टेल्ड.
युडिक अशी हाक आली, तरी वळायचं नाही.
माझी आली तरी."

अंथरुणात उताणी पडून
ते नाव मी ओठ न हलवता म्हणून पाहिलं.
अंग सैल. कान पाण्याखाली गेल्यासारखे.
श्वास जेमतेम.
एवढं मला येत होतं.