बासष्ट-शून्य-तीन

सांगलीच्या डॉक्टरांनी उजव्या कानात मशीन बसवलं.
डाव्याचं पैसे जमल्यावर बघू म्हणालो.
दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीची चावी फिरवली
आणि बॉनेटखाली कुणीतरी
पत्र्यावर विळा ओढला.

मशीनच बिघडलं म्हणून कानातून काढलं,
फुंकर मारली, परत घातलं.
परत चावी. परत विळा.

शालन दारात तांदूळ निवडत होती.
हे कधीपासनं?
"दिवाळीच्या आधीपासनं.
गल्लीतली पोरं म्हणत्यात, शिट्टी आली."
मग सांगितलं का नाहीस?
"तीनदा सांगितलं.
तीनदा तुम्ही हो म्हणाला."

बत्तीस वर्षं विट्यात माग चालवले.
धोट्यांच्या खडखडाटात ओठ वाचायला शिकलो,
तुटलेला धागा दहा हातांवरून दिसायचा.
कान तुटत होते ते
दिसले नाहीत.

कराड रस्त्याला दस्तगीर शिकलगारचं गॅरेज.
त्यानं चालत्या बेल्टवर तांब्यातलं पाणी शिंपडलं.
किंचाळी तशीच.
एसीचा बेल्ट उतरवला, गाडी चालू केली,
गाडी गप्प.
मग मधली छोटी पुली दोन बोटांनी फिरवत म्हणाला, ऐका.
वाकलो. उजवा कान पुढे केला.
भाकरीत खडा लागावा तसं
कचकच, थांबून, कचकच.

पण दस्तगीर, एसी तर नऊ वर्षं बंद आहे.
"एसी बंद हाय. पुली कुठं बंद हाय?
तिला कोण सांगणार?
बेल्टच काढून टाकतो, काका. खर्च वाचंल."

खर्च वाचला असता.
का कुणास ठाऊक, म्हणालो,
नको, नवीन घाल.

बासष्ट-शून्य-तीन. एकशे ऐंशी रुपये.
तेलकट कागदातून काढून त्यानं ते
शेजारच्या आइस्क्रीमवाल्याच्या फ्रीजमध्ये ठेवलं,
मटका कुल्फीच्या मधे, अर्धा तास.
गारठ्यानं केसभर आखडतं म्हणाला,
मग मारामारी करावी लागत नाही.

तोवर जुनं व्हाइसवर ठोकून काढलं.
आत ग्रीसच्या नावाखाली डांबराच्या खपल्या,
गोळ्यांवर देवीचे व्रण.
सत्तावीस वर्षांत गाडी कुठवर गेली असेल,
आणि हे जागच्या जागी
किती फिरलं असेल, हिशोब लागेना.

नवीन बसवताना मी जवळच उभा.
ठक. ठक. ठक.
आणि चौथ्याला, ठण्.
"बसलं," आम्ही दोघंही एकदमच बोललो.
त्यानं चमकून माझ्याकडं बघितलं.

संध्याकाळी शालनला घेऊन लेंगऱ्याला निघालो,
तिच्या बहिणीकडं.
गाडी कशी, पीठ चाळल्यासारखी.
वळणावर इंडिकेटर दिला तर
आत टकटक, टकटक.
ही टकटक मी विसरूनच गेलो होतो.

मशीन उजव्या कानात. ती डाव्या अंगाला.
तिला वाटलं असेल, घरी काढून ठेवलंय.
खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाली,
"जन्मात ह्यांना गिअर कधी टाकायचा कळलं न्हाई."

हसू दाबलं. गिअर टाकला.

मग बराच वेळ काही नाही.
मग तशीच, काचेला सांगावं तशी,
"आजपण रणजितचा फोन न्हाई.
इरोडात पाऊस हाय म्हणत्यात.
जेवला असंल का."

घरात हे नाव ती काढत नाही.
मीही नाही.
किती वर्षं ती असं बोलत आली असेल,
माझ्या शेजारी बसून,
पुलीच्या किंचाळीच्या आडोशाला,
आणि त्याआधी नुसत्या माझ्या कानांच्या.

इंडिकेटरची दांडी आपोआप परत येत नाही,
जुनाच दोष आहे.
वळण मागं पडलं.
मी ती तशीच राहू दिली, टकटकत,
रोज राहायची तशी.