धडा पाचवा

शारजा, अकरावा मजला. लिफ्टची भीती
शंभरपैकी किती, स्क्रीन विचारतो.
मी लिहिते: नव्वद.
विचार: दार अडकेल.
शेजारी रकाना: पुरावा.
चार वर्षांत अडकलं एकदाच, सहा मिनिटं,
बाहेरून वॉचमन कुंजाली
मल्याळीत काहीबाही समजावत होता.
तेही लिहिते.

गुरुवारी उत्तर येतं. चेहरा नाही,
खाली नुसतं नाव: सुलभा प.
‘तिसऱ्यापर्यंतच जा.
छाती धडधडली तर धडधडू दे.’

धडधडू दिली.
जाऊबाईंनी पाठवलेला ताईत
पर्समध्येच आहे, असू दे.

आठव्या आठवड्यात आकडा पस्तीस.
काल लबन संपलं म्हणून खाली उतरले,
वर आले,
कुलूप उघडताना आठवलं:
जिना राहिलाच.

आणि लबनची बाटलीही, दुकानात.