पावलीचं वजन

शिकलगार हे नाव आमचं उगाच नाही.
आजोबा दरबारच्या तलवारींना धार लावायचे,
वडील कात्र्या-अडकित्त्यांना,
आणि मी लक्ष्मीपुरीत, जिन्याखालच्या चार फुटांत,
ग्रामोफोनच्या सुया भिंगातून तपासत बसायचो.
धार घरातच राहिली. पातं तेवढं बारीक होत गेलं.

भूपाल अक्कोळे मिलमधले.
पहिली पाळी सुटली की तबकडी काखेत घेऊन यायचे,
पोराला दवाखान्यात आणावं तशी.
दसरा चौकात रशियन पुस्तकं मांडली होती
तेव्हा साडेआठ रुपयांना घेतलेली.
कव्हरवरची अक्षरं उलटी छापल्यासारखी,
फक्त आकडा वाचता यायचा. अठराशे बारा.
"इब्राहिम, पुन्हा उडालं बघ."

उडायचंच.
सुरुवातीला सगळं शांत,
पहाटे बस्तीत कुणी पुटपुटावं तसं.
मग फ्रेंचांची फौज चढते, मग बर्फ
(हे अण्णा सांगायचे, मी आपला पंखा बंद करायचो),
मग वाद्यं उतरायला लागतात, खाली, आणखी खाली,
पन्हाळ्यावरून पाणी उतरावं तशी,
आणि पहिल्याच तोफेला सुई उडून
थेट घंटांमध्ये जाऊन पडते.
लढाई नाही, जखमी नाहीत.
एकदम विजय.

भिंगातून बघितलं तर तोफेपाशी खाच
गगनबावड्याच्या वळणासारखी वाकलेली.
सुई तरी काय करील?
गल्ल्यात एक जुनी पावली होती, कुठंच न चालणारी,
ती मेणानं दांडीच्या टोकावर चिकटवली.
त्या दिवशी सोळाच्या सोळा तोफा ऐकल्या आम्ही.
शेजारचा भांडीवाला पळत आला,
"काय पडलं हो?"
"नेपोलियन," अण्णा म्हणाले.

पुढं मिलचा भोंगा बंद झाला.
लोकांनी घड्याळं घेतली.
अण्णांच्या त्रिशलानं परदेशातून नवी तबकडी पाठवली,
तळव्याएवढी, आरशासारखी. तिला सुईच नाही.
उजेड वाचतो म्हणे.
(म्हणजे आमचा कारभार आटोपला. ते असो.)
खऱ्या तोफा लावल्या होत्या तीत,
माझ्या कपाटाची काच कितीतरी वेळ थरथरत होती.
पण अण्णा मध्येच उठले.
"थांब. चुकलंय हे."
शेवटाला, घंटांच्या पोटात,
दुसराच सूर होता.

त्रिशलाचं पत्र आलं महिन्यानं.
चुकलेलं नाही, बाबा, मुळात तसंच आहे.
तिथं झारच्या गौरवाची धून होती.
राज्य बदललं, तेव्हा तिकडच्या तबकड्यांतून ती काढली
आणि त्या जागी दुसरी बसवली,
मापाची, कुणाला न टोचणारी.

अण्णांनी पत्राची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली.
चाळीस वर्षं दर रविवारी
ते त्या जागी उठून उभे राहायचे.
किती वेळानं एवढंच म्हणाले,
"राजा काढला. तोफा तेवढ्या ठेवल्या."

त्याच आठवड्यात घट बसले.
सकाळी देवळाकडं तोफ झाली, कबुतरं उठली,
अण्णा दुकानाच्या पायरीवर होते,
सवयीनं बोट मोडून म्हणाले, "एक."
आणि पुढच्या पंधरांची वाट बघितल्यासारखे
तसेच उभे राहिले.

मग म्हणाले, जुनी लाव.

दांडी उचलली तेव्हा दिसलं.
मेण वाळून गळालं होतं कडेनं,
आणि पावलीवर, वरच्याच अंगाला,
मुकुट घातलेला पंचम जॉर्ज.
इतकी वर्षं तो बसला होता तिथं,
सुईच्या डोक्यावर,
झार नसलेल्या तबकडीवर गोल गोल फिरत.
नखानं उपटावा असं वाटलं.
पण उपटला की सुई उडते.

अण्णांना दिसला का, मी विचारलं नाही.
भूपाल नाव ठेवलेल्या माणसाला काय विचारायचं?

सुई टेकवली.
पहाटेचं ते पुटपुटणं सुरू झालं,
आणि शेजारच्या भांडीवाल्यानं, तोफांना अजून अवकाश असताना,
फळीच्या कडेचे तांबे
एकेक करून आत सरकवले.