उरलेली एक जागा

फॉर्मवर रकाने चार आहेत:
वेग, कौशल्य, दमसास, बारावीचे टक्के.
प्राचार्यांना हे चार पुरतात.
मी पाठकोऱ्या कागदावर लिहिते, पेन्सिलीने,
म्हणजे खोडता येतं.

कलिन्याच्या मैदानावर सकाळी सात वाजता
बत्तीस मुली, एकवीस स्टिक्स.
क्रीडा कोट्यातल्या तीन जागांपैकी
दोन कालच भरल्या.

तेरा नंबर गोल करते. सुरेखच करते.
तिचे बाबा जाळीमागे मोबाइल धरून उभे,
दर गोलला वळून माझ्याकडे बघतात,
वहीत काही लिहिलं का ते.
मी लिहिलेलं असतं: पाण्याचा कॅन कुणी उचलला?

गोल काय, डोळे मिटूनही कळतो,
फळीवर चेंडू आपटल्याचा तो ठोका.
मी बघते चेंडू हातचा गेल्यावरची
दोन सेकंदं.
कुणी कमरेवर हात ठेवतं.
कुणी पंचांकडे बघतं.
कुणी स्टिकचीच चौकशी करतं, टेप सुटली का, काय झालं.
आणि एखादीच
मान खाली घालून
आल्या वाटेने परत पळत सुटते,
घरी गॅसवर दूध राहिल्यासारखी.

आज ती सत्तावीस नंबर.
नाझनीन सोलकर, कुर्ला, लेफ्ट हाफ.
स्टिक उसनी, उंचीला दोन इंच जास्त.
पॅडच्या जागी मोज्यात पुठ्ठा.
चाळीस यार्ड मागे धावून तिने चेंडू काढला
आणि शेजारणीला देऊन टाकला,
वाटीभर साखर द्यावी तसा.
टाळी एकही नाही.
न झालेल्या गोलला कोण टाळ्या वाजवतं?

मी पेन्सिल ठेवली, पेन काढलं.

नंतर तिला बाजूला बोलावून
माझं पाठ झालेलं सगळं सांगितलं:
फी माफ, कँटीनमध्ये अंडी-दूध,
वर्षाला बुटांचे दोन जोड,
पुढे रेल्वेत वगैरे, नशीब असेल तर.
ती ऐकत होती, मुठीवरची टेप उकलत.
मग म्हणाली,
"मॅडम, गेल्या वर्षी तुमच्याकडे गोलकीपर होती,
वसईची, बेर्था तुस्कानो.
तिचा गुडघा गेला.
ऑपरेशनचे पैसे कोणी दिले?"

डोक्यावरून विमान उतरत होतं सांताक्रूझला,
इतकं खालून की बोललेलं ऐकू येऊ नये.
त्या दहा सेकंदांचे मी आभार मानले.
विमान गेलं. ती तशीच उभी.

"अर्धे मी. उरलेले तिच्या मामाने.
कॉलेजकडे अर्ज केलाय, तो अजून..."
"आणि ती?"
"दुकानात बसते, नालासोपाऱ्याला. मी फोन करते अधूनमधून."
"उचलते?"

तेवीस वर्षं मी मुली निवडतेय.
त्याआधी एकदा मलाही निवडलं होतं,
दोनच प्रश्न विचारून: उंची किती, लग्न कधी.
दोन्हींची उत्तरं दिली होती मी, पाय जुळवून.
आपणही काही विचारायचं असतं
हे तेव्हा डोक्यातच आलं नव्हतं.

नाझनीनने टेपची गोळी केली, खिशात घातली.
मैदानावर टाकली नाही, हेही मी टिपलं, सवयीने.
"घरी विचारून सांगते," म्हणाली,
आणि निघाली, ज्याची स्टिक त्याला द्यायला.
चालताना तिने एकदाही मागे पाहिलं नाही.
तेरा नंबरचे बाबा अजून जाळीपाशीच होते.

रात्रीचे साडेनऊ.
फॉर्म टेबलावर, तिसरी ओळ कोरी.
पाठकोऱ्या कागदावर तिच्या नावापुढे
माझंच अक्षर, पेनाचं, न खोडता येणारं:
गेलेल्या चेंडूमागे धावते.

चष्मा पुसला. पुन्हा वाचलं.
मग बेर्थाचा नंबर लावला.

रिंग जातेय.